लिटल बार्डनला, कधीतरी चहाला

२ मार्च, शनिवार

निवृत्तीनंतरचा पहिला शनिवार. आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

आयुष्यभर हिचिनच्या फलाटावर एकाच जागी उभा राहून सात-चोवीसची लंडनची गाडी धरली. दार नेमकं माझ्या नाकासमोर यायचं. असा माणूस निवृत्त झाला म्हणून घरात लोळत पडणार नाही. योजना तयार आहे: दर शनिवारी हर्टफर्डशरमधलं एक जुनं गाव नाहीतर शहर बघायचं. हेझलला घेऊन. मी तिला कुठे नेत नाही ही तिची जुनीच तक्रार.

तिला सांगितलं तेव्हा ती एकच बशी बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, आता? मी म्हणालो, आता नाही तर कधी. ती म्हणाली, हेच मी आपली टेस शाळेत होती तेव्हापासून सांगत होते. म्हणजे कल्पना मुळात तिचीच निघाली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं असं एकमत होतं.

दुसरा संकल्प: पार्सनिपची, म्हणजे पांढऱ्या गाजरासारख्या कंदाची वाइन. कंदांची वाइन करणारी माणसं आता फार उरली नाहीत. सध्या गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात चार बुधले बुडबुडतायत. हेझलचं म्हणणं, टॉवेलांना वास येतो. टॉवेल दुसरीकडे ठेवता येतील.

९ मार्च, शनिवार

बर्कमस्टेड. निघायला उशीर, पण माझ्यामुळे नाही. वाइन गाळायची होती.

किल्ला म्हणजे चार पडक्या भिंती आणि गवत. मात्र स्टेशन अगदी चिकटून आहे आणि फलाट बघण्यासारखा. लंडनच्या गाडीची दारं साधारण कुठे येत असतील ते हेझलला समजावून सांगत होतो. वळून बघतो तर ती किल्ल्याच्या टेकाडावर. मी हात केला. तिने बहुतेक केस सारखे केले.

परतताना घरांच्या एजंटाच्या काचेसमोर उभी राहिली. हललीच नाही. सगळे लहान-लहान घरांचे फोटो. म्हणाली, एका माणसापुरतीही घरं असतात की. मी म्हणालो, बिचारे लोक.

१६ मार्च, शनिवार

ऑल्डबरी. मधोमध तळं, काठावर चोरांचे पाय अडकवायचा जुना लाकडी खोडा. पोचलो तेव्हा पबचं स्वयंपाकघर बंद झालेलं. वाटेत टायरमधली हवा तपासली ती काही चूक नव्हे. चिप्सच्या पाकिटावर भागवलं.

बाकावर हेझल म्हणाली, जरा वेळ नुसते बसू या. बसलो. जमेल तितकं बसलो. मग बदकांच्या जातींबद्दल थोडं बोललो. ती म्हणाली, डेस, गप्प बसणं म्हणजे काय ते तुला माहीत तरी आहे का? मी सविस्तर सांगितलं.

एकंदरीत छान गेला दिवस.

१९ मार्च, मंगळवार

कुंपणाची हेज कापायला गेलो तर पलीकडे शेजारचा रेग हजर. त्याची बायको गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून माझ्या कात्रीचा आवाज आला की हा बाहेर येतो आणि हवापाण्यावर बोलत उभा राहतो. अर्धी हेज तशीच राहते.

शेवटी म्हणालो, चहाला ये कधीतरी. इकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: येऊ नकोस. वार आणि वेळ सांगितली तरच ते आमंत्रण. रेगही समजूतदार, म्हणाला, हो हो, कधीतरी नक्की. घर घेतल्यापासून आमचं हेच चाललंय आणि संबंध उत्तम आहेत.

निघताना तो थोडा वेळ तसाच उभा होता. पाठीला उसण भरली असावी.

६ एप्रिल, शनिवार

ॲशवेल. चर्चच्या आत भिंतीवर, प्लेगच्या साथीतून वाचलेल्या कुणीतरी आपलं दुःख दगडात खरवडून ठेवलंय. सहाशे-सातशे वर्षं झाली त्याला. हेझल भिंतीवर हात टेकवून उभी राहिली. मी पार्किंगचं बघून आलो, तर डोळे पुसत होती. मी म्हणालो, अगं, प्लेग कधीच संपला. ती हसली. म्हणजे बरं वाटलं असणार.

घरी आल्यावर तिने आपली उशी-पांघरूण टेसच्या जुन्या खोलीत नेलं. कारण माझं घोरणं. मला काही आढळलेलं नाही, पण वाद घातला नाही. शिवाय आता माझ्या खोलीत आणखी दोन बुधले बसतात.

संकल्प: कुशीवर झोपणे.

२१ एप्रिल, रविवार

टेसचा लीड्सहून फोन. आधी आईशी दार लावून पुष्कळ बोलली. मग माझ्याशी. म्हणाली, डॅड, ममने तुला काही सांगितलं का? मी म्हणालो, सगळंच सांगते, काही लपवत नाही. आणि तिला वाइनचं सांगितलं. यंदा रंग फार सुरेख उतरलाय. ती म्हणाली, डॅड, जरा ऐक ना. मी म्हणालो, ऐकतोच आहे, आणि गाळणीबद्दल सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. पोरीचा आवाज घोगरा येत होता. लीड्सची हवाच दमट.

११ मे, शनिवार

लिटल बार्डन. या वेळी गाव हेझलने निवडलं. सहा-सात जुनी घरं, चर्च, फोन नसलेला एक लाल टेलिफोन बूथ, त्यात गावकऱ्यांनी पुस्तकं ठेवलेली. स्टेशन नाही. मी हे लगेच निदर्शनास आणलं.

तर गल्लीच्या टोकाच्या घरापाशी एजंटच्या ऑफिसातली पोरगी किल्ली घेऊन उभी. हेझलने परस्पर ठरवलेलं. घर विटांचं, बुटकं, आत शिरताना तुळई थेट माझ्या कपाळावर. एक झोपायची खोली, एक फडताळाएवढी खोली, स्वयंपाकघरातून मागची बाग. हेझल खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवत राहिली. असा चेहरा मी तिचा फार दिवसांत पाहिला नव्हता. म्हणाली, हेच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या मावशीने मागे ठेवलेल्या पैशांतून ती आमच्यासाठी गावाकडचं घर बघते आहे. शनिवार-रविवारचं. मला चकित करायचं होतं म्हणून बोलली नाही. मन भरून आलं. खिशातली टेप काढली आणि जिन्याखालचं कपाट मोजलं. आठ बुधले आरामात. हेझलला सांगितलं तर म्हणाली, कपाटाचं राहू दे, डेस.

एजंटने विचारलं, दोघं राहणार का? हेझल म्हणाली, नाही. मी म्हणालो, आठवडाभर नाही.

२५ मे, शनिवार

संकट. लंडनला जाऊन-येऊन नोकरी करणारं एक जोडपं मध्ये आलंय आणि जास्त द्यायला तयार आहे. हेझल काल जेवली नाही. म्हणाली, ते घर गेलं तर मी काय करीन मला माहीत नाही. असं ती कधी बोलत नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो तिथे राहू दिला, थोडा वेळ.

घर मिसेस थ्रप नावाच्या म्हाताऱ्या विधवेचं. मुलाकडे राहायला चालली आहे. एजंट म्हणाली, बाई पैशांवर जाणाऱ्यातल्या नाहीत. अर्धं गाव सकाळी गाडी पकडतं, उरलेलं फक्त शनिवारी उगवतं, याचा तिला भारी राग आहे. कायम राहणारं माणूस हवंय. घेणाऱ्यांना ती चहाला बोलावून पारखते. आम्हाला मंगळवारी चार वाजता बोलावलंय. वार आणि वेळ. म्हणजे खरं आमंत्रण.

हेझल म्हणाली, मी एकटीच जाते. मी म्हणालो, अशा वेळी बायकोला एकटं सोडणारा मी नव्हे.

२८ मे, मंगळवार

विजय. सविस्तर लिहितो.

मिसेस थ्रप ऐंशीच्या पुढची, काठीएवढी, नजर सुईसारखी. पहिलाच प्रश्न मला: तुम्ही गाडी धरणार का? मी कप खाली ठेवला. म्हणालो, बाई, गाडी मी इतकी वर्षं धरली की आता गाडीच मला धरत नाही. पण हे घर माझ्या बायकोचं. ती इथे रोज राहील. हिवाळ्यात राहील, बर्फात राहील. मी असलो नसलो तरी राहील. रोज संध्याकाळी या खिडकीत दिवा दिसेल याची मी हमी देतो. तिला ना लंडनचं प्रेम, ना फलाट ठाऊक. तिला शांतता लागते. मग शांततेचे प्रकार सांगितले. मग हळूच भिंतीच्या ओलीकडे वळलो आणि तिच्यावरचे उपाय सांगितले. चहा दुसऱ्यांदा गार झाला.

मिसेस थ्रपने हेझलला विचारलं, हा नेहमी असाच बोलतो का गं? हेझल कपात बघत म्हणाली, हो. किती वर्षं? हेझलने सांगितली. म्हातारीने काठी बाजूला ठेवली, हेझलचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मग घर तुझं.

मी बोललो म्हणून झालं. हेझलही गाडीत तेच म्हणाली. म्हणाली, तू नसतास तर मिळालं नसतं, डेस. आणि रडली. आनंदाने. निघताना मी म्हातारीला पार्सनिपची एक बाटली दिली होती. एक घोट घेऊन म्हणाली, काहीतरी वेगळंच आहे हे. इतकी दाद मला कुणी दिली नव्हती.

१५ जून, शनिवार

सेंट ऑल्बन्स. रोमन भिंत बघायची होती. हेझल म्हणाली, भिंत राहू दे, आधी बसू या. चहाच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल घेतलं. तिने चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. म्हणाली, डेस, मी लिटल बार्डनला एकटी राहणार आहे. मी म्हणालो, हो, सुरुवातीला तसंच करावं लागेल, इथली हेज आहे, वाइन आहे, मला लगेच हलता येणार नाही. ती म्हणाली, सुरुवातीला नाही, डेस. कायम. मी म्हणालो, मी म्हातारीला शब्दच दिलाय ना तसा, म्हणजे लोकांना दाखवायला तरी तसं म्हणायला हवं.

तिने केकची बशी बाजूला सारली. म्हणाली, मी आणखी कसं सांगू? मी म्हणालो, सांगायची गरजच नाही, आपल्याला एकमेकांचं न बोलता कळतं.

तिचा केक तसाच राहिला. मी खाल्ला. भिंत बंद व्हायच्या आत गाठायची होती, तर कळलं की भिंत उघड्यावरच असते.

रात्री नीट झोप नाही. केक जड पडला.

६ जुलै, शनिवार

आज कुठेच नाही. हेझल वकिलाकडे. कागदांवर फक्त तिचं नाव. मी म्हणालो, उत्तम, सह्या कमी. टेसचा फोन: डॅड, तू ठीक आहेस ना? मी म्हणालो, ठणठणीत. ती म्हणाली, तू इकडे येऊन राहा थोडे दिवस. मी म्हणालो, इथे कोण बघणार? आंबायला ठेवलेल्या वाइनला माणूस लागतं. टेस म्हणाली, वाइनला? मी म्हणालो, हो.

संकल्प: गावांची योजना सप्टेंबरपासून जोमाने. अजून अर्धं हर्टफर्डशर बाकी आहे.

७ सप्टेंबर, शनिवार

हेझलचं सामान हलवलं. गाडीच्या चार खेपा, सगळ्या मी केल्या. कपाळ पुन्हा तुळईवर, दोनदा. पडद्यांचे दांडे बसवले. मिसेस थ्रपने कट्ट्यावर जिरेनियमची कुंडी ठेवून दिली होती.

गावात नवीन माणूस आलं की शेजाऱ्यांनी केक आणायचा अशी रीत. पलीकडची बाई लिंबाचा केक घेऊन आली. मी शिडीवर होतो. म्हणाली, भाऊ किती मदत करतो तुमचा, नशीबवान आहात. हेझल म्हणाली, हो. मी शिडीवरून काही बोललो नाही. दोन्ही हातांत स्क्रू होते.

जिन्याखालच्या कपाटात सहा बाटल्या नीट रचून ठेवल्या, प्रत्येकीवर माझ्या हाताची चिठ्ठी: पार्सनिप, या वर्षीची. हेझलला नंतर सापडतील, मौज वाटेल.

माझी उशी नेली होती. संध्याकाळी बघतो तर ती गाडीच्या मागच्या सीटवर. हेझलनेच ठेवलेली. तिथे विसरून जाऊ नये म्हणून ठेवली असणार, ती अशा बाबतीत दक्ष असते. घरी आलो. टॉवेलांचं कपाट उघडलं. टॉवेल नव्हते, त्यांची सगळी जागा रिकामी. आता तिथे किती बुधले बसतील ते मोजायला टेप काढली आणि परत ठेवून दिली. वाईट वाटत होतं. दमणूक.

१४ सप्टेंबर, शनिवार

फोन केला. हेझल बागेत होती. मी विचारलं, येऊ का? ती म्हणाली, या शनिवारी नको. बरोबर आहे. माणसाला रुळायला वेळ लागतो. मी एकटाच वेअरला गेलो. नदीकाठी बाकावर बसलो. तिथे अर्धा दिवस एक अक्षर बोललो नाही. हेझलला सांगायला हवं.

२८ सप्टेंबर, शनिवार

लिटल बार्डनच्या चर्चमध्ये सुगीची जत्रा असल्याचं एजंटच्या काचेवर वाचलं होतं. न कळवता गेलो. चकित करणं आमच्यात चालतं.

माणसं बरीच. भोपळे, जॅम, गावातल्या बायकांचे केक. हेझल केकच्या टेबलामागे उभी, अंगात मी कधी न पाहिलेला निळा एप्रन. मिसेस थ्रपही मुलाकडून आलेली. दोघी कशावर तरी हसत होत्या. हेझल डोकं मागे टाकून हसत होती. मला तिथवर जाववेना. वाटेत बाटल्यांची सोडत होती, तिथेच थांबलो.

ही सोडत आमच्याकडच्या प्रत्येक जत्रेत असते. घरात नको झालेली बाटली लोक चर्चला देतात: व्हिनेगर, शाम्पू, कुणी दिलेली शेरी. आपण चिठ्ठ्या काढायच्या, आकडा पाचाने किंवा शून्याने संपला की त्या आकड्याची बाटली आपली. मला आयुष्यात काही लागलेलं नाही. आज पहिलीच चिठ्ठी लागली. टेबलावरच्या बाईने बाटली शोधून हातात दिली आणि म्हणाली, अरेरे, हीच का नेमकी. अशा अजून पाच आहेत, कुणी नेत नाही.

पार्सनिप, या वर्षीची. अक्षर माझं.

हेझलने बघितलं होतं. एप्रनला हात पुसत आली. रागावली नाही. रागावली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, डेस, फोन करून यायचं. मी म्हणालो, जिंकलो मी. ती म्हणाली, बघितलं. मग चर्चच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. गवत ओलं होतं. मी बदकांबद्दल, ओलीबद्दल, कशाबद्दलच बोललो नाही. सांगितलं की वेअरला गप्प बसलो होतो. ती म्हणाली, छान केलंस. खरंच म्हणाली.

फाटकाशी माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, चहाला ये कधीतरी.

मी विचारलं, कुठल्या वारी?

ती म्हणाली, बघू.

२९ सप्टेंबर, रविवार

योजना तूर्त थांबवली आहे.

टॉवेल एकच उरलाय, बाथरूममधला. त्याला वास येतो. हेझल म्हणत होती ते खरं आहे.

संध्याकाळी हेज कापायला गेलो. कापण्याजोगी वाढली नव्हती. कात्री वाजवत राहिलो. रेग आला नाही. बऱ्याच वेळाने मागच्या दारातून कचरा टाकायला बाहेर पडला, तेव्हा मीच हाक मारली. म्हणालो, रेग, चहाला ये. मंगळवारी. चार वाजता. एक बाटली जिंकलोय, तीही उघडू.

रेगने डबा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग आमच्या वरच्या अंधाऱ्या खिडक्यांकडे बघितलं. म्हणाला, हो हो, कधीतरी नक्की. आणि आत गेला.